दीडशे यार्ड म्हणजे नक्की किती?

सध्या आमच्या रविवारच्या चौकडीत एकच विषय चालू आहे. अंतर मोजायचं यंत्र कुठलं घ्यायचं? लेसरवालं की घड्याळवालं? मी सगळी नोकरी सर्व्हेमध्ये काढली, त्यामुळे हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतो. "तुम्ही थिओडोलाइटवाले, तुम्हीच सांगा." दर रविवारी तेच तेच सांगून चहा गार होतो, म्हणून एकदाचं इथे लिहून टाकतो. आणि यंत्रापेक्षा थोडा मोठा एक मुद्दा मनात आहे, तोही ओघात येईलच.

गोल्फशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी प्रस्तावना. (माझाही पन्नाशीपर्यंत नव्हता. माझं बालपण नाशिकचं. तिथल्या 'गोल्फ क्लब' मैदानावर आम्ही शेकडो क्रिकेट मॅचेस खेळलो, पण गोल्फ खेळणारा एकही माणूस कधी पाहिला नाही!) तर, या खेळात पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या ठेवता येतात. त्यांना इंग्रजीत क्लबच म्हणतात, पण जिथे खेळतो तोही क्लब, म्हणून इथे मी काठीच म्हणतो. प्रत्येक काठीचं एक अंतर असतं. शेजारशेजारच्या दोन काठ्यांत साधारण दहा-बारा यार्डांचा फरक. म्हणजे अंतराचा अंदाज पंधरा यार्डांनी चुकला की फटका कितीही सुरेख बसला तरी चेंडू तळ्यात नाहीतर वाळूत. म्हणून प्रत्येक फटक्याआधी एकच सवाल: समोरचं ग्रीन किती लांब?

आणि हे सगळं अजून यार्डांत. मीटरमध्ये विचार करायची सवय असलेल्या मला सुरुवातीला फार वैताग आला. मग आठवलं, यार्ड म्हणजे आपला वार. आजीच्या नऊवारीतला. सोळा-सतरा नऊवाऱ्या एकापुढे एक अंथरल्या की झाले दीडशे यार्ड. तेव्हापासून यार्ड परका वाटेनासा झाला.

पूर्वी हे अंतर डोळ्यानेच ठरवायचे. मग पावलं मोजायची पद्धत आली. जॅक निकलसने १९६१ साली पेबल बीचवर यू.एस. अमॅच्युअर स्पर्धेच्या वेळी डीन बेमनचं बघून पावलांनी अंतरं मोजून कागदावर लिहायला सुरुवात केली, आणि ती स्पर्धा जिंकलीही. बऱ्याच कोर्सवर शंभर, दीडशे, दोनशे यार्डांच्या खुणा असतात, लाल, पांढऱ्या, निळ्या. त्यांवरचा आकडा बहुतेक ठिकाणी ग्रीनच्या मध्यापर्यंतचा असतो, झेंड्यापर्यंतचा नव्हे. हा 'मध्यापर्यंत' शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता यंत्रांकडे.

लेसरचं तत्त्व सोपं आहे. प्रकाशाचा एक ठिपका सोडायचा, तो आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. दीडशे यार्ड म्हणजे १३७ मीटर. जाऊन-येऊन प्रकाशाला साधारण ९१५ नॅनोसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भागसुद्धा पुरता नाही, आणि त्यात हे मुठीत मावणारं यंत्र एका यार्डापर्यंत बरोबर सांगतं. मी नोकरीला लागलो तेव्हा साखळी ओढत होतो. माझ्या दृष्टीने हा चमत्कारच.

पण नेम तुम्हाला धरायचा आहे! झेंडा जेमतेम अर्धा मीटर रुंद. दीडशे यार्डांवरून तो आकाशातल्या चंद्राच्या निम्म्याहूनही अरुंद दिसतो. हात जरा हलला की ठिपका मागच्या झाडावर आणि आकडा वीस यार्ड जास्त. बऱ्याच यंत्रांत सर्वांत जवळची वस्तू पकडण्याची सोय असते, झेंडा सापडला की यंत्र हातात थरथरतं. सोय चांगली आहे, पण साठीनंतर यंत्र थरथरलं की हात, हे सांगणं अवघड. चष्मेवाल्यांनी तर डोळ्याला लावून बघितल्याशिवाय घेऊच नये, काही यंत्रांत चष्म्यातून अर्धंच वर्तुळ दिसतं. पावसाच्या भुरभुरीत आणि धुक्यात लेसर गोंधळतं. आणि झेंडा झाडाआड किंवा उंचवट्यामागे असेल तर त्याचा उपयोग शून्य.

घड्याळाचं वेगळं. ते वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहांना विचारून आपण कुठे आहोत ते ठरवतं आणि आतल्या नकाशावरून ग्रीन किती लांब ते सांगतं. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकन सरकार सामान्यांसाठीच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळायचं. शंभर मीटरपर्यंत इकडचं तिकडे. ते बंद झालं म्हणून तर हा सगळा बाजार उभा राहिला. आता चूक तीन ते पाच मीटरची असते, दाट झाडीखाली थोडी जास्त. घड्याळ तीन आकडे दाखवतं: ग्रीनची सुरुवात, मध्य आणि शेवट. झेंडा दिसायची गरज नाही, नेम धरायची गरज नाही, चालता चालता मनगट वळवलं की झालं. उणी बाजू अशी की नकाशा कोणी तरी कधी तरी काढलेला असतो. ग्रीन नव्याने बांधलं असेल किंवा दुरुस्तीमुळे पुढे तात्पुरतं ग्रीन केलं असेल, तर घड्याळ बिचारं जुन्याच पत्त्यावर नेऊन सोडतं. म्हणून घेण्याआधी आपला कोर्स त्यात आहे का आणि आजचा आहे का, हे बघावं. मोबाइलवरची ॲप्सही हेच काम करतात, बरीचशी फुकट. फक्त दर फटक्याला खिशातून फोन काढायचा, आणि काढला की त्यावर ऑफिसचा मेसेज असतो.

आमच्या चौकडीतला वाद असा, की लेसर एका यार्डाने बरोबर आणि घड्याळ चार-पाच यार्डांनी चूक, मग घड्याळ घ्यायचंच कशाला?

इथे माझ्यातला सर्व्हेवाला जागा होतो. मोजमापाचा पहिला धडा असा, की कामाला लागते तेवढीच अचूकता मोजावी. बांधाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजून जमीन वाढत नाही. जगातले उत्तमोत्तम व्यावसायिकसुद्धा दीडशे यार्डांवरून मारतात तेव्हा त्यांचा चेंडू सरासरीने झेंड्यापासून सात-आठ मीटरवर थांबतो. माझा हॅंडिकॅप चोवीस. म्हणजे जिथे बहात्तर फटके अपेक्षित तिथे चांगल्या दिवशी मला शहाण्णव लागतात. मला झेंड्यापर्यंतचं अंतर एका यार्डाने कळून मी काय करणार?

माझी सातनंबरी काठी किती जाते, हे मी एकदा नीट मोजलं. सकाळी रेंजवर जाऊन तीस चेंडू मारले आणि रिकाम्या रेंजवर पावलं टाकत गेलो. सर्वांत लांबचा १३८, सर्वांत जवळचा ९६, बहुतेक सगळे ११५ ते १३०च्या पट्ट्यात. आता क्लबच्या व्हरांड्यात कुणालाही विचारा, "तुमचं सेव्हन आयर्न किती जातं?" उत्तर येईल, दीडशे. प्रत्येकाला आपला आयुष्यातला सर्वोत्तम फटका तेवढा आठवतो आणि तोच तो आपला नेहमीचा समजतो. (रेंजचे चेंडू झिजलेले असतात आणि कमी जातात हे खरं. तरी वीस यार्डांचा फरक झिजेने पडत नाही.) शिवाय पुण्याची उंची साधारण ५६० मीटर. इथल्या जरा विरळ हवेत चेंडू समुद्रसपाटीपेक्षा दोनेक टक्के जास्त जातो. इथे पाठ केलेले आकडे घेऊन मुंबईत चेंबूरच्या कोर्सवर गेलं की तेवढे कापले जातात. गुलमर्गला, २६५० मीटरवर, उलट दहा टक्क्यांची मेजवानी.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की पहिला खर्च यंत्रावर नको, तीस-चाळीस चेंडूंच्या बादलीवर करा. ज्याला आपली काठी किती जाते हे ठाऊक नाही, त्याला समोरचं अंतर कळून निम्मंच उत्तर मिळतं. आणि ज्याला ठाऊक आहे, त्याच्या लक्षात येईल की आपला पट्टा पंधरा-वीस यार्ड रुंद आहे, मग प्रश्न 'झेंडा कुठे' हा उरतच नाही. प्रश्न असतो, ग्रीन कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं. ग्रीन तीस यार्ड खोल असू शकतं, म्हणजे तीन काठ्यांचा फरक. झेंडा मागे असेल तर लेसर १५५ सांगेल, पण ग्रीन १६०ला संपतंय आणि पलीकडे उतार आहे हे नाही सांगणार. घड्याळ सांगतं. तेव्हा माझ्यासारख्या वीस-पंचवीस हॅंडिकॅपवाल्याने घड्याळ घ्यावं. जे एक आकडी हॅंडिकॅपने खेळतात, ज्यांचा पट्टा अरुंद आहे, त्यांनी खुशाल लेसर घ्यावं. किमती दहा-बारा हजारांपासून पन्नास हजारांच्या वर जातात. महागड्याने फटका सुधारत नाही, एवढं बोलून तो विषय सोडतो.

आता खरा मुद्दा.

महाग लेसरमध्ये एक जास्तीची सोय असते, 'स्लोप'. यंत्र चढ-उताराचा कोन मोजतं आणि हिशेब करून सांगतं, अंतर १४२ आहे पण १५० समजून खेळा. विकणारे याचीच जाहिरात करतात. गंमत अशी की स्पर्धेत ही सोय वापरायला मनाई आहे. अंतर मोजायची यंत्रं २००६ पासून ज्या स्पर्धेने स्थानिक नियम करून परवानगी दिली तिथे चालू लागली. २०१९च्या नियमावलीने उलटं केलं, मनाई केली नसेल तर चालतील. २०२१ साली किआवा आयलंडच्या पीजीए चॅम्पियनशिपमध्येही ती चालली, पन्नास वर्षांच्या फिल मिकल्सनने जिंकली ती. पण त्याच २०१९च्या नियमावलीत रेषही स्पष्ट आखली आहे. यंत्राने अंतर सांगावं, दिशा सांगावी. चढ-उतार मोजू नये, वाऱ्याचा वेग मोजू नये. पहिल्यांदा मोडलं तर स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटक्यांचा दंड, दुसऱ्यांदा बाद.

याच नियमावलीत आणखी एक सुंदर भेद आहे. स्पर्धेत मी प्रतिस्पर्ध्याला "इथून ग्रीन किती यार्ड?" असं विचारू शकतो. पण "तुम्ही कुठली काठी घेतलीत?" असं विचारलं की दोन फटके दंड. आकडा सगळ्यांचा, निर्णय ज्याचा त्याचा. तो निर्णय घेताना मी फक्त एका माणसाला काहीही विचारू शकतो, माझ्या कॅडीला. चढ किती धरू, वारा किती धरू, कुठली काठी घेऊ. म्हणजे यंत्राने जे सांगायला बंदी, नेमकं तेच सांगायची कॅडीला पूर्ण मोकळीक.

आमच्याकडे एक पन्नाशीचे कॅडी आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. चौदाव्या वर्षी बॅग उचलली, तेव्हापासून याच कोर्सवर. एका छोट्या होलवर ग्रीनपुढे तळं आहे. टी झाडांच्या आडोशाला असल्याने तिथे उभं राहिलं की हवा अगदी गप्प वाटते. आमच्यातल्या एकाने लेसर लावलं, १४२.

मामा म्हणाले, "साहेब, दीडशे धरा. इथे वारा नाहीये, पण पलीकडे नीलगिरीचे शेंडे बघा."

"मामा, यंत्र बेचाळीस दाखवतंय."

मामा गप्प बसले. चेंडू तळ्यात गेला. "फटका नीट नाही बसला," गृहस्थ म्हणाले. असेलही. एका चेंडूवरून काही सिद्ध होत नाही आणि मामाही चुकतात. माझ्या बाबतीत तर ते मी काल रात्री जागलोय का हेही काठी देताना बघतात, आणि त्यात कधी कधी अंदाज हुकतो. मला खटकलं ते वेगळंच. हल्ली चौघांपैकी तिघांकडे लेसर आहे, आणि अठरा होलमध्ये मामांना कुणी काही विचारत नाही. ते बॅग देतात, काठी पुसतात, चालतात. तीस-पस्तीस वर्षांचं ज्ञान बरोबर चालतंय आणि आपण त्याच्याकडून फक्त ओझं वाहून घेतोय.

आणि आता मी खेळतो त्यातल्या एका क्लबात एक प्रस्ताव फिरतोय, की कॅडी घेणं ऐच्छिक करावं. ज्यांना ढकलगाडी हवी त्यांनी ती घ्यावी. कारणांत एक कारण असं लिहिलंय की "आता बहुतेक सदस्यांकडे अंतर मोजण्याची साधनं उपलब्ध आहेत." हे वाचून मात्र राहवलं नाही. पैसे वाचवायचे असतील तर तसं म्हणा, त्यावर वाद घालता येईल. एकट्याने शांतपणे फिरायचं असेल तर तेही म्हणा, मला स्वतःला ते कधी कधी हवं असतं. पण कॅडी म्हणजे अंतर सांगणारा माणूस, आणि ते आता यंत्र सांगतं म्हणून तो नको, हे कारण साफ चुकीचं आहे. अंतर हा त्याच्या कामाचा सर्वांत सोपा भाग होता. तोच तेवढा यंत्राने घेतला. उरलेला आता मोकळेपणाने विचारता यावा, तर आपण माणूसच काढायला निघालो. कॅडी रोजावर जगतो. ज्या दिवशी बॅग नाही, त्या दिवशी पैसे नाहीत. दिल्लीत कॅडीचं काम करत शिकलेला अली शेर १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक ठरला, १९९३ला पुन्हा जिंकला. खेळाशी त्याची ओळख सदस्याच्या कार्डावर झालेली नव्हती.

सर्व्हेत आमच्याकडे स्टाफ धरायला खलाशी असत. यंत्र लाखाचं असो, खलाशाने स्टाफ तिरका धरला की रीडिंग खोटं. उलट चांगला खलाशी लांबून ओरडून सांगायचा, "साहेब, इथली जमीन भरावाची आहे, इथे बेंचमार्क नको." हे कुठल्या थिओडोलाइटमध्ये दिसतं? त्या माणसांमुळे कितीदा तरी आमचं काम वाचलं, आणि एकाही नकाशावर त्यांचं नाव नाही.

मी काय केलं ते सांगतो. साधंसं घड्याळ घेतलं, स्लोपशिवायचं. पण ते बघण्याआधी अंदाज मोठ्याने सांगायचा हा नियम स्वतःला घालून घेतलाय. आमच्या गल्लीत विटीदांडू असाच चालायचा. विटी लांब गेली की मारणाऱ्याने स्वतःच किती दांडू झाले ते सांगायचं. समोरच्यांना पटलं नाही तर दांडूने मोजायचं, आणि कमी भरलं की डाव गेला. त्यामुळे डोळा असा तयार व्हायचा की पाच-सात दांडूंपलीकडे कुणी हुकत नसे. आता मी म्हणतो १३५, मामा म्हणतात १३०, मग घड्याळ बघायचं. अजून मामाच जास्त वेळा जवळ असतात. त्यानंतरचा प्रश्न मात्र ठरलेला: "मामा, किती धरू?"

प्रस्तावावर मी लेखी विरोध कळवला आहे. सोबत एक सूचनाही केली आहे. क्लबने स्वतःच्या खर्चाने चार लेसर घ्यावीत आणि ती कॅडीमास्तरच्या टेबलावर ठेवावीत. ज्या कॅडीला हवं त्याने सही करून न्यावं, संध्याकाळी परत आणून द्यावं. कमिटीची बैठक पुढच्या महिन्यात आहे.